थांबलेले विमान, धावता वारा

औंढा नागनाथला पाहुणा आला की आम्ही हिंगोलीकर त्याला देवळाची कथा सांगतोच. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवून मागच्या बाजूला पाठवले, आणि तिथे कीर्तन सुरू होताच देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कशी उतरते, हा आजचा विषय नाही. मला ती आठवली एका मुलाच्या प्रश्नामुळे.

औंढ्याजवळच्या दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार म्हटल्यापासून आमच्या भागातल्या पोरांना विज्ञानाचे प्रश्न जरा धिटाईने विचारता येऊ लागले आहेत. मी एका शाळेत परिसरातल्या जुन्या वास्तूंवर बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला. ‘काका, आवाजाच्या सहापट जोरानं जाणारं यान आपण उडवलं म्हणतेत. पण उडवायच्या आधी ते टिकंल का नाही, हे कसं कळतं? तेवढ्या जोरात पळवून बघायला जागा तरी कुठं हाय?’

माझे रीतसर शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे सगळे वाचनालयांत आणि रद्दीच्या दुकानांत झाले. त्यामुळे ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ हे म्हणायला मी लाजत नाही. तसेच म्हणालो आणि शोधायला बसलो. हा लेख म्हणजे त्या मुलाला द्यायचे उत्तर आहे. ते थोडे लांबले, कारण शोधताना वाटेत एक मराठी माणूस भेटला आणि आपण त्याला विसरलो आहोत हे लक्षात आले.

मुलगा म्हणत होता ती चाचणी ७ सप्टेंबर २०२० ची. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचे, म्हणजे डीआरडीओचे, एक प्रायोगिक यान त्या दिवशी ओडिशाच्या किनाऱ्यावरून सोडण्यात आले. त्याचे स्क्रॅमजेट इंजिन आवाजाच्या सहापट वेगाने जात असताना वीसहून अधिक सेकंद जळत राहिले. सहापट म्हणजे सेकंदाला सुमारे २ किलोमीटर. हिंगोली ते हैदराबाद हे सरळ रेषेतले सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर या वेगाने अडीच मिनिटांत संपते. आवाजाच्या वेगाशी असलेल्या या पटीला ‘मॅक’ म्हणतात. मॅक १ च्या पुढचा वेग तो स्वनातीत, आणि साधारण मॅक ५ च्या पुढचा तो हायपरसॉनिक. हा दुसरा शब्द १९४६ मध्ये चिनी शास्त्रज्ञ च्येन श्वेसेन यांनी रूढ केला.

मुलाच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की यान पळवायचेच नाही. ते जागेवर घट्ट बांधायचे आणि आभाळ त्याच्या अंगावरून पळवायचे. यान वाऱ्यातून गेले काय आणि वारा यानावरून गेला काय, यानाच्या अंगावर पडणारा जोर सारखाच. नामदेव जागचे हलले नाहीत, देऊळ फिरले. ज्या नळीत हे आभाळ पळवतात तिला वायुबोगदा म्हणतात.

पेटीतला वारा

पहिला वायुबोगदा इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम यांनी १८७१ मध्ये बांधला. पण त्याची खरी किंमत दाखवून दिली ती अमेरिकेतल्या राईट बंधूंनी. त्यांची सुरुवातीची ग्लायडरे पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे बांधूनही अपेक्षेइतकी उचलली जात नव्हती. तेव्हा १९०१ मध्ये त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा बसवला आणि करवतीची पाती व सायकलच्या आऱ्यांची तार वापरून वजनकाटे बनवले. त्या पेटीत त्यांनी सुमारे २०० लहान पंख तपासले. १९०३ चे उड्डाण त्या पेटीतच अर्धे जिंकले गेले होते.

याला शास्त्राची बैठक मिळाली जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात. तिथले प्राध्यापक लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले, की वाहत्या हवेचा वस्तूला चिकटून असलेला अगदी पातळ थरच घर्षणाचा आणि विरोधाचा बराचसा निकाल लावतो. पुढची तीस-चाळीस वर्षे विमानशास्त्र शिकायचे म्हणजे गटिंगेनला जायचे, असेच होते. १९३० च्या दशकात तिथे प्रांटल यांच्या हाताखाली एक मराठी तरुण शिकत होता. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, आणि १९३६ मध्ये त्यांनी गटिंगेनची डॉक्टरेट मिळवली.

घाटगे परत आले तेव्हा देशात विमान बनवणारा कारखानाच नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. तिथे घाटगे यांनी ग्लायडरचा आराखडा केला. १९४२ च्या अखेरीस बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग निघाला, आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. गटिंगेनचा धडा हा, की आकडे मोजून घ्यावेत, दुसऱ्याच्या पुस्तकातून उसने घेऊ नयेत. वायुबोगदा हे या मोजण्याचे मुख्य हत्यार. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बनलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. भारतात आखलेले आणि भारतात बांधलेले ते पहिले इंजिनाचे विमान. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले.

विज्ञान संस्थेतल्या त्याच विभागात १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातून शिकून आलेले सतीश धवन रुजू झाले. त्यांनी तिथे एक स्वनातीत बोगदा बांधला. त्याचा चाचणीचा भाग होता एक इंच बाय तीन इंच, म्हणजे काडेपेटीला शोभेल एवढा. भारताच्या वेगवान वाऱ्याची सुरुवात ही एवढीशी.

दुसरी वाट

गटिंगेनच्या परंपरेतून एक दुसरी वाटही निघाली. ती सांगितली नाही तर हा इतिहास अर्धाच राहील.

बाल्टिक समुद्राकाठच्या पेनेम्युंडे येथे नाझी राजवटीने रॉकेटचे केंद्र उभारले. तिथे रुडॉल्फ हेर्मान यांच्या देखरेखीखाली ४० सेंटिमीटर चौरसाचा बोगदा बांधला गेला. युक्ती अशी, की एका मोठ्या गोलातली हवा पंपांनी काढून टाकायची आणि मग झडप उघडून बाहेरची हवा बोगद्यातून त्या पोकळीकडे धावू द्यायची. सुमारे वीस सेकंद वारा मिळे, आणि वेग मॅक ४ च्या वर जाई. व्ही-२ रॉकेटचे शेपटाचे पंख त्या वाऱ्यात ठरले. ऑगस्ट १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी पेनेम्युंडेवर बॉम्ब टाकल्यानंतर हा बोगदा बव्हेरियातल्या कोखेल गावी हलवण्यात आला. तिथे मॅक १० गाठणारा एक मीटर चौरसाचा बोगदा बांधायचा बेत होता. तो पुरा होण्याआधी युद्ध संपले. अमेरिकेने यंत्रे, कागद आणि माणसे उचलून आपल्याकडे नेली, आणि पुढच्या कितीतरी बोगद्यांची मुळे तिथे रुजली.

तेच व्ही-२ रॉकेट मिटेलबाऊ-डोरा इथल्या भुयारांत कैद्यांच्या वेठीने बनवले जात होते आणि त्या छावणीत हजारो माणसे मेली. बोगद्यातला वारा कोणाच्या बाजूने वाहतो हे वाऱ्याला ठाऊक नसते. ते माणसांनीच ठरवायचे असते. एकाच गुरुकुलाच्या परिघातले काही लोक तिकडे गेले आणि आमचा घाटगे शिकाऊ वैमानिकांसाठी विमान बनवायला बंगळूरला आला.

वारा इतका महाग का?

आता मुलाच्या प्रश्नाचा अवघड भाग. साधा पंखा लावून मॅक ६ चा वारा का मिळत नाही?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे नळकांडे गरम होते हे प्रत्येकाने अनुभवले आहे. उलट, भरलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून धरला तर सुटणारी हवा बोटाला गार लागते. दाबलेली हवा फैलावताना वेग घेते आणि त्या वेगाची किंमत स्वतःच्या उष्णतेतून चुकवते. बोगद्यात हेच टोकाला जाते. टाकीतली २७ अंश सेल्सिअसची हवा नळीतून फैलावत मॅक ६ ला नेली, तर तिचे तापमान हिशेबाने उणे २३६ अंशांपर्यंत उतरते. त्याआधीच हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन द्रवरूप होऊ लागतात. वारा हवा होता, हाती आले दव. म्हणून हायपरसॉनिक बोगद्यात हवा सोडण्याआधी ती शेकडो अंश तापवावी लागते.

दाबाचा हिशेब तर आणखी कठीण. टाकीतला दाब हा धावत्या वाऱ्यातल्या दाबाच्या मॅक ६ साठी सुमारे १,६०० पट, तर मॅक १० साठी ४२ हजार पट असावा लागतो. त्यासाठी एका टोकाला प्रचंड दाबाच्या टाक्या आणि दुसऱ्या टोकाला निर्वात केलेले मोठाले गोल लागतात. मधली नळी आधी अरुंद होऊन मग रुंदावते. मॅक १० चा वारा एक मीटर रुंद तोंडातून काढायचा, तर तिचा गळा हिशेबाने जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरचा येतो. टाक्यांतली सगळी हवा तेवढ्या गळ्यातून जाते. गळा तापून वेडावाकडा झाला की वारा बिघडलाच.

असा वारा सतत चालू ठेवायचा तर वीज कोणी पुरवायची? इथे आमच्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला लगेच समजेल असा तोडगा निघाला. वीज आठ तास, तीही कधी रात्री. मग आपण काय करतो? मोटार लावून हळूहळू शेततळे भरून ठेवतो आणि वेळ आली की सगळे पाणी एकदम सोडतो. बोगदेवाल्यांनीही तेच केले. कॉम्प्रेसर लावून कितीतरी वेळ टाक्या भरायच्या, तिकडे पंप लावून गोल रिकामे करायचे, आणि मग झडप उघडून काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा वारा घ्यायचा.

डोळ्याच्या पापणीआधी

एवढे करूनही एक गोष्ट हाती येत नाही. खऱ्या उड्डाणात मॅक ६ ला यानाच्या नाकासमोर अडलेली हवा दीड हजार अंशांच्या आसपास तापते. वेग आणखी वाढला की हवेचे रेणूच फुटू लागतात. तेवढी उष्णता बोगद्यात सेकंदभर ठेवायची म्हटले तरी बोगदाच वितळेल. मग वेळच कमी करायचा.

शॉक टनेल नावाचा प्रकार असा जन्मला. एक लांब नळी घ्यायची. तिच्या एका भागात फार दाबाचा हेलियमसारखा हलका वायू, दुसऱ्या भागात कमी दाबाची हवा, आणि मध्ये धातूचा पातळ पत्रा. दाब वाढत जातो आणि पत्रा फाटतो. त्या धक्क्याची लाट, म्हणजे आघाततरंग, पुढच्या हवेतून धावत जाते, टोकाला आपटून परत फिरते आणि तेवढ्यात ती हवा हजारो अंश तापवते. तीच हवा मग नळीच्या तोंडातून छोट्या नमुन्यावर सुटते. हे सगळे काही मिलिसेकंदांत संपते. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. नळी वितळायला वेळच मिळत नाही.

मग त्या क्षणात मोजायचे कसे? नमुन्याच्या अंगावर काचेसारख्या पायावर प्लॅटिनमचा अतिपातळ थर बसवतात. उष्णता बदलली की त्याचा विद्युत विरोध बदलतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते, त्याच तत्त्वावर आघाततरंगांची छायाचित्रे घेतात. या पद्धतीने धावत्या गोळीपुढची लाट १८८६ मध्ये प्रथम टिपली गेली. त्यामागे एर्न्स्ट माख आणि पीटर साल्शर हे दोघे होते. मॅक हा शब्द या माखच्याच नावावरून आला.

भारतातला पहिला हायपरसॉनिक शॉक टनेल १९७० च्या दशकात बंगळूरच्या विज्ञान संस्थेत उभा राहिला. आज मुंबईत पवईच्या आयआयटीतही शॉक टनेल आहे. बंगळूरच्याच के. पी. जे. रेड्डी यांनी तर हाताने दट्ट्या ढकलून आघाततरंग निर्माण करणारी, टेबलावर मावणारी नळी केली. ‘रेड्डी ट्यूब’ या नावाने ती ओळखली जाते.

बोथट नाक आणि पंखातले भोक

या बोगद्यांनी आपल्या समजुतींना कसे धक्के दिले, याचे एक उदाहरण पुरे. वेगवान वस्तूचे नाक सुईसारखे टोकदार हवे, असे कोणालाही वाटेल. बाणाचे, भाल्याचे तसेच असते. पण १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत ज्युलियन ॲलन यांनी उलटे सांगितले. अंतराळातून परतणाऱ्या वस्तूचे नाक बोथट हवे. बोथट नाकापुढे आघाततरंग अंतर राखून उभा राहतो आणि बहुतेक उष्णता यानात न शिरता बाजूच्या हवेतच निघून जाते. टोकदार नाक मात्र स्वतः जळते. त्यानंतर माणसांना परत आणणाऱ्या कुप्यांचे तळ सगळे बोथट झाले.

दुसरी आठवण दुःखाची आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती परतताना कोलंबिया यान फुटले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या काठावर आदळला होता. चौकशीत फोमचा तसाच तुकडा वायूच्या तोफेतून पंखाच्या काठावर मारून पाहिला, तेव्हा मोठे भोक पडले. लँगलीच्या हायपरसॉनिक बोगद्यांत काठाचा भाग गायब केलेले यानाचे छोटे नमुने ठेवून, यानाने शेवटच्या मिनिटांत पाठवलेल्या नोंदींशी त्यांचे वागणे ताडून पाहिले गेले. बोगद्याने गेलेली माणसे परत आणली नाहीत, पण ती कशाने गेली हे ठरवायला हातभार लावला. तपासणी आधी झाली तर जीव वाचतो, नंतर झाली तर फक्त कारण कळते.

तिरुवनंतपुरम आणि हैदराबाद

हे तंत्र कोणी कोणाला सहज देत नाही. परतणाऱ्या यानाला लागणारे ज्ञान आणि क्षेपणास्त्राला लागणारे ज्ञान एकच असल्याने देश ते कुलपात ठेवतात. आपल्यालाही आपले बोगदे आपणच बांधावे लागले. इस्रोने तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात एक मीटर व्यासाचा हायपरसॉनिक बोगदा आणि शॉक टनेल उभारले. २०१७ मध्ये ते सुरू झाले आणि त्या संकुलाला सतीश धवन यांचे नाव दिले गेले. काडेपेटीएवढ्या बोगद्यापासून मीटरभर तोंडापर्यंतचे अंतर सहा दशकांचे आहे.

१९ डिसेंबर २०२० रोजी हैदराबादला डीआरडीओच्या बोगद्याचे उद्‌घाटन झाले. त्याचेही तोंड एक मीटरचे, आणि वेग मॅक ५ ते मॅक १२. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादलाच स्क्रॅमजेटचा ज्वलनकक्ष जमिनीवर १,००० सेकंदांहून अधिक वेळ जळता ठेवण्यात आला. २०२० च्या उड्डाणातल्या वीस सेकंदांशी हा आकडा ताडून पाहावा. एकेकाळी आमची हिंगोली हैदराबाद संस्थानात होती आणि इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आजही आमच्या घराघरातले कोणी ना कोणी कामासाठी हैदराबादला असते. तो मुलगा विचारत होता ती जागा इतकी जवळ होती.

दावा आणि कसोटी

आता शेवटी मूळ मुद्दा. या शोधात वाचनालये धुंडाळताना मला शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर मराठीत भरपूर मजकूर मिळाला. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याला पाठ आहे. तिच्यावर चित्रपटही निघाला. तळपदे खरे होते, त्यांचा ध्यासही खरा असेल. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. घाटगे यांच्यावर मात्र मला मराठीत धड एक पुस्तक मिळाले नाही, आणि त्यांचे विमान तर हजारोंनी पाहिले, शेकडोंनी चालवले.

योगायोग पाहा. ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाचा प्राचीन विमानविद्येसाठी आधार दिला जातो, त्याची १९७४ मध्ये विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तपासणी केली. भाषेवरून आणि इतिहासावरून तो ग्रंथ विसाव्या शतकातला ठरला, आणि त्यातल्या आकृत्यांना गतीचे व वजनाचे नियम लावल्यावर ती विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला. घाटगे ज्या विभागाचे पहिले प्रमुख, त्याच संस्थेतून आलेली ही तपासणी. तरी २०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

मला यात श्रद्धेची चेष्टा करायची नाही. औंढ्याचे देऊळ फिरले ही कथा मी प्रेमाने सांगतो आणि यापुढेही सांगेन. पण ती कथा भक्तीची आहे, ती कोणाला विमानात बसवत नाही. यान उडते असे जो म्हणतो, त्याने ते वाऱ्यात ठेवून दाखवले पाहिजे. हा नियम शिवकर तळपद्यांना लागू आहे, तसाच आजच्या क्षेपणास्त्रांविषयी कोणत्याही देशाने केलेल्या घोषणांनाही लागू आहे. बोगद्याला देशाभिमान कळत नाही. पत्रा फाटतो, पाच मिलिसेकंद वारा वाहतो, आणि आकडा येतो. तो आपल्याला आवडो न आवडो.

दुधाळ्याच्या वेधशाळेची पायाभरणी ११ मे २०२३ रोजी झाली. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्यांत पोकळी राखायची आहे. बोगद्याच्या गोलात आहे त्याहून कितीतरी निखळ. दूरच्या कृष्णविवरांचा दावा तिथे तपासला जाईल. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला नामदेवांची नर्सी आली, नागनाथाचे देऊळ आले, आणि आता हे मोजण्याचे घर येते आहे.

त्या मुलाला मी पुन्हा भेटायला जाणार आहे. जाताना सायकलचा पंप नेईन. आधी त्याच्या हाताला नळकांडे गरम लागू दे, मग व्हॉल्व्हची गार हवा लागू दे. उरलेले सांगायला विष्णु माधव घाटगे यांच्या नावापासून सुरुवात करीन.